घाटावरच्या बाईला काय हवं आहे

डेस्कवर नवा माणूस आला की त्याला सगळ्यात आधी एक गोष्ट शिकवली जाई: समोर येणाऱ्या प्रत्येक मजकुराला काहीतरी हवं असतं. प्रेसनोटला जागा हवी असते, पुढाऱ्याला फोटो हवा असतो, वार्ताहराला बातमीवर स्वतःचं नाव हवं असतं. ते आधी ओळखायचं आणि मग वाचायला घ्यायचं. लखनौच्या एका इंग्रजी दैनिकात मी हे काम बरीच वर्षं केलं. बायको इथल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ आहे. तिच्या नोकरीमुळे आम्ही सोलापूर सोडलं आणि अलीगंजमध्ये राहिलो. आता मी घरूनच मजकूर तपासतो, पण सवय तीच आहे.

त्यामुळे गेल्या हिवाळ्यात मुलीने लॅपटॉप आणि त्याला जोडलेला कंट्रोलर माझ्यासमोर ठेवला आणि जरा खेळून बघ म्हणाली, तेव्हा तिला काय हवं आहे, हे मी आधी विचारलं.

ती व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत लागली होती. कंपनी पुण्याची, काम घरून. गेम मोठ्या विस्ताराचा होता. त्यात एक अख्खं काल्पनिक राज्य होतं, नद्या, किल्ले, जंगलं, गावं, आणि खेळणाऱ्याने त्यात वाटेल तिकडे फिरायचं. राजा, शत्रू, शापित तलवार हा मुख्य कथेचा भाग अनुभवी मंडळींकडे होता. नव्यांकडे गावकरी होते. गावकऱ्यांची किरकोळ कामं खेळणाऱ्याने करून द्यायची, त्यांना साइड क्वेस्ट म्हणतात. मुलीने अशी बरीच लिहिली होती, पण ती सगळी वरून ठरवून आलेली. तिची स्वतःची म्हणावी अशी एकच होती. ती गेममध्ये राहिली तर प्रोबेशन संपून नोकरी पक्की होणार होती. नाही राहिली तर काय, हे तिच्या टीमच्या लीडने, म्हणजे वरिष्ठाने, स्पष्ट सांगितलं नव्हतं. न सांगण्याचा अर्थ आम्हा दोघांना कळत होता.

खेळायला मीच का, असं मी विचारलं. घरात तिची आई होती, गल्लीत तिच्या वयाची मुलं होती.

"क्योंकि आप सबसे जल्दी बोर होते हैं," ती म्हणाली.

मुलगी मराठीत मला तू म्हणते आणि हिंदीत आप. तिचा जन्म इथला. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर बहुतेक हिंदीत येतं. आप आलं की सावध व्हायचं, एवढं मी शिकलो आहे.

मी खेळायला बसलो. सुरुवातीला माझा योद्धा भिंतीत तोंड खुपसून चालत राही. ते जमल्यावर गावं दिसू लागली. ज्या माणसाचं काही काम असेल त्याच्या डोक्यावर पिवळी खूण तरंगत होती. ही सोय मला आवडली. आमच्या ऑफिसात येणाऱ्यांच्या डोक्यावर तशी खूण असती तर पुष्कळ वेळ वाचला असता. पण खुणेखाली जे निघत होतं त्यावर माझा विश्वास बसेना. लोहाराला जंगलातली मुळं हवी होती. लोहाराला मुळं कशाला, हे कुठेच सांगितलेलं नव्हतं. मुळं आणून दिली की तो आणखी मुळं मागत होता. एका धनगराच्या शेळ्या हरवल्या होत्या, त्या शोधून दिल्यावर त्याच्या मेहुण्याच्या हरवल्या. दरम्यान मुख्य कथेत राजधानीला वेढा पडला होता आणि दूत धापा टाकत मला लगेच चला म्हणत होता. मी शेळ्या शोधेपर्यंत दूत तिथेच धापा टाकत उभा होता. वेढाही थांबून होता. राजधानीचा एकच बुरूज जळत होता आणि मी केव्हाही गेलो तरी तोच बुरूज तेवढाच जळताना दिसे.

मी मुलीला म्हटलं की हे पानपूरक आहे. वर्तमानपत्राच्या पानात खाली दोन बोटं जागा उरली की आम्ही काहीतरी भरायचो, दूरच्या देशातला मोठा भोपळा वगैरे. भोपळ्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नसतं. पण इथे भोपळे मुख्य बातमीपेक्षा जास्त झाले होते. आमच्याकडे बातमी अशी लिहीत की जागा कमी पडली तर खालून कापता यावी. इथे कापण्यासारखा भाग मधोमध पसरून ठेवला होता आणि त्याच्याभोवती वाट वळवली होती, म्हणजे टाळूनही जाता येऊ नये. हे चुकून झालेलं नाही, कुणाला तरी हे हवं आहे, असं मी म्हणालो.

तिने ते नाकारलं नाही. गेमच्या जाहिरातीत किती तास खेळता येईल ते मोठ्या अक्षरांत लिहितात, म्हणाली. विकत घेणारे लोक ते बघतात. त्यामुळे लीडच्या स्क्रीनवर खेळण्याचा वेळ मोजणारा एक आकडा कायम असतो, आणि साइड क्वेस्ट लिहून झाली की तिने त्या आकड्यात किती भर घातली ते पाहिलं जातं.

"मग तुझ्या क्वेस्टने किती घातली?"

"वही तो प्रॉब्लेम है."

तिची क्वेस्ट मी मग खेळलो. नदीच्या घाटावर एक म्हातारी बसलेली असते. नावेने पलीकडे जाणाऱ्या योद्ध्याच्या हातात ती एक गाठोडं देते. तिचा मुलगा वरच्या अंगाला एका किल्ल्यावर शिपाई आहे, त्याला ते पोचवायचं. वाटेत लांडगे येतात. किल्ल्यावर मुलगा गाठोडं घेतो, आभार मानतो, काही नाणी देतो. संपलं.

कंपनीने चाचणीला बसवलेल्या लोकांनी म्हातारीचं बोलणं बटण दाबून पुढे ढकललं होतं, धावत किल्ला गाठला होता आणि शेवटी शेरा मारला होता की ही तर कुरियरची नोकरी झाली. लीडचं मत होतं की क्वेस्ट फार लवकर संपते. त्याने उपाय सुचवला होता: मुलाची बदली झालेली दाखव. योद्धा पहिल्या किल्ल्यावर गेला की कळेल, मुलगा दुसऱ्या किल्ल्यावर. तिथून तिसऱ्या. नाहीतर क्वेस्ट काढून टाकू.

मला लीडचा संशय आला. ज्या बातमीत काही नाही ती दुप्पट लांब कर म्हणणारा संपादक मी पाहिला आहे. त्याला बातमीशी देणंघेणं नसतं, त्याला पान भरून हवं असतं. पण त्याच्याइतकाच संशय मला गाठोड्याचाही आला. खेळताना मी ते उघडायचा प्रयत्न केला. उघडेना. योद्ध्याच्या सामानाच्या यादीत त्याचं नाव 'गाठोडं' आणि पुढे वजन, एवढंच.

त्यात काय आहे, असं मी विचारलं.

"कुछ नहीं, बाबा. गठरी है."

"म्हणजे तुलाही माहीत नाही."

"प्लेयर को फ़र्क नहीं पड़ता."

"तू ठरवलं नाहीस म्हणून त्याला फरक पडत नाही. आत काय आहे ते म्हातारीला माहीत नाही, मुलाला माहीत नाही, लिहिणारीला माहीत नाही. माझ्याकडे असा मजकूर आला असता तर मी वार्ताहराला परत पाठवला असता."

तिने लॅपटॉप मिटला आणि आपण सगळ्यांवर शक का करता, असं हिंदीत विचारून आत निघून गेली. बायको टेबलावर संस्थेचे पेपर तपासत होती. मान वर न करता तिने सांगितलं की मुलीने मत विचारलं होतं, जबानी घ्यायला सांगितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मला पुण्याला जायचं होतं. चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. लखनौमधल्या मराठी माणसाचं पुण्याला जाणं गुप्त राहत नाही. अलीगंजच्याच दुसऱ्या टोकाला एक काकू राहतात. साताऱ्याकडच्या. यजमान हवाई दलात होते, शेवटची बदली इथे झाली, निवृत्तीनंतर इथेच घर घेतलं. ते गेले. मुलगा पुण्यात असतो. कोण कधी महाराष्ट्रात जाणार आहे हे काकूंना जाणाऱ्याच्या आधी कळतं, आणि मग फोन येतो.

"काय संपादक, चाललात म्हणे. जरा येऊन जा. थोडंसं न्यायचंय."

काकूंचं थोडंसं कधीच थोडं नसतं. त्यासाठी बॅगेत कोपरा मोकळा ठेवावा लागतो, पुण्यात वाट वाकडी करावी लागते, आणि येताना त्यांच्या मुलाकडून परतीचं घेऊन यावं लागतं. मी हे काम टाळायला काही कारणं मनात जुळवली होती. मुलीने ती ऐकून घेतली आणि स्कूटर काढली. तिच्याशी माझं बोलणं त्या दिवसांत कामापुरतं होतं. मला सोडून ती परत जाईल असं वाटलं होतं, पण ती आत आली.

काकूंकडे सामान द्यायची एक पद्धत आहे. त्या बांधलेलं पार्सल कधी देत नाहीत. नेणाऱ्याला आधी घरी बोलावतात, दिवाणावर जुनी चादर पसरतात आणि एकेक वस्तू त्याच्यासमोर ठेवतात. ही पद्धत अमौसीच्या विमानतळामुळे पडली. पूर्वी कधीतरी एका नेणाऱ्याला विमानतळावर तपासणीत विचारलं, यात काय आहे. त्याला सांगता आलं नाही. पार्सल तिथेच राहिलं. तेव्हापासून काकूंचा नियम आहे की बघितल्याशिवाय न्यायचं नाही.

त्या दिवशी चादरीवर रेवड्यांची दोन पाकिटं होती. चौक बाजारातून आणलेला, चिकनच्या भरतकामाचा पांढरा कुडता होता. तो त्यांनी पूर्ण उलगडला, कॉलरच्या आतली एक सुटलेली टीप स्वतः घातली होती ती दाखवली, आणि मुलाची मान भरली असेल तर तो घालणार नाही, असंही सांगितलं. आमचूर होता, कुडत्याला वास लागू नये म्हणून दोन पिशव्यांत. शेवटी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं, ते त्यांनी तसंच आत सारलं.

ते काय आहे, असं मी विचारलं.

"बघा, संशय आलाच," काकू माझ्या मुलीला म्हणाल्या. "तुझ्या बापाला मी विमानतळावर बसवायला पाहिजे. तिथली माणसं घरी तरी जातील."

त्यांनी कागद सोडला. आत स्टीलचा डबा होता, झाकण घट्ट. झाकण काढलं तर तळाला चमचाभर साखर. मुलाने मागच्या खेपेला त्यातून काहीतरी पाठवलं होतं, आता डबा परत चालला होता, आणि रिकामा डबा परत पाठवत नाहीत म्हणून साखर. स्टीलचा डबा पुण्यात मिळत नाही का, असं मी म्हणणार होतो. म्हटलं नाही, कारण उत्तर समोर होतं. डबा तिकडे गेला की तो तिकडून भरून यायला हवा. इकडे आला की परत जायला हवा. प्रत्येक खेपेने पुढच्या खेपेचं कारण तयार करून ठेवलेलं होतं. लोहाराच्या मुळांसारखंच हे काम होतं, न संपणारं, आणि तेवढ्याच उघडपणे काढलेलं. फरक कुठे आहे हे मला लगेच सांगता आलं नसतं.

सगळं पिशवीत भरून झाल्यावर काकूंनी सुतळी माझ्या हातात दिली.

"गाठ तुम्ही मारा. मी मारली तर ते माझं सामान. तुम्ही मारली की तुमचं."

मी गाठ मारली. मुलगी दिवाणाच्या कडेला बसून बघत होती, माझ्याकडे नाही, सुतळीकडे. आम्ही परत निघालो. अलीगंजच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा तिने मान न वळवता विचारलं, "तू नाही म्हणणार होतास ना?"

होतो, असं मी सांगितलं.

"फिर?"

डबा बघितल्यावर नाही म्हणता आलं नाही, म्हणालो. सिग्नल सुटला.

विमानाला धुक्यामुळे उशीर झाला. अमौसीला थांबलो असताना तपासणीच्या माणसाने पिशवीकडे बोट दाखवून आत काय म्हणून विचारलं. मी कुडत्याच्या कॉलरीपासून सगळं सांगितलं. तो कंटाळला आणि त्याने हाताने पुढे जा म्हणून खूण केली. पुण्यात काकूंच्या मुलाने पिशवी हातात घेतली, गाठ बघितली आणि हसला. आईची गाठ अशी नसते, म्हणाला. म्हणजे तिने तुम्हाला सगळं पसरून दाखवलं असणार. त्यात माझा बराच वेळ गेला असणार म्हणून त्याने माफी मागितली. कुडता त्याला मानेला घट्ट झाला. चार दिवसांनी मी परत आलो तेव्हा डबा माझ्या बॅगेत होता, भरलेला.

मी नसताना मुलीने क्वेस्ट बदलली होती. हे तिने सांगितलं नाही, नुसता लॅपटॉप पुढे केला. घाटावरची म्हातारी आता गाठोडं बांधून ठेवत नव्हती. ती पायरीवर एक कापड पसरे आणि त्यावर वस्तू मांडे: गुळाची ढेप, लोकरीचे मोजे, एक चाकू, मुलाने मागे पाठवलेलं लाकडी भांडं आणि त्यात मूठभर धान्य. प्रत्येक वस्तूबद्दल ती एखादं वाक्य बोले. मोज्यांतला एक दुसऱ्यापेक्षा मोठा झाला होता, ते तिने आधीच कबूल केलं. मग ती दोरी योद्ध्याच्या हातात देई आणि गाठ खेळणाऱ्याला मारावी लागे. बटणं कुठली आणि कशी दाबली यावरून गाठ वेगळी पडे. तिसरा किल्ला नव्हता, बदली नव्हती. लांडगे तिने ठेवले होते, पण आता लांडग्याने झडप घातली तर गाठोडं पाण्यात पडू शकत होतं.

खेळताना माझ्या लक्षात आलं की मी लांडग्यांच्या बाजूने गेलोच नाही. लांबच्या वाटेने, चालत गेलो. किल्ल्यावरचा शिपाई गाठ बघे आणि आत काय आहे ते न सोडताच विचारे. मला सगळं सांगता आलं. मोज्यांचंही.

चाचणीवाल्या लोकांचंही तेच झालं. ते धावले नाहीत. दोघातिघांनी मोज्यांबद्दल विचारणा केली, मोठा मोजा दुरुस्त करता येईल का म्हणून. लीडचा फोन आला तेव्हा मुलगी स्वयंपाकघरात चहा करत होती आणि फोन स्पीकरवर होता. तो खूश होता. हिंदी आणि इंग्रजी मिसळून तो म्हणाला की हेच हवं होतं, आणि आता हे नकाशावरच्या सगळ्या घाटांवर टाक. प्रत्येक घाटावर एक बाई, प्रत्येकीचं गाठोडं, वस्तू बदलायच्या, किल्ले बदलायचे. पुढच्या आठवड्यात रिव्ह्यू आहे, त्याच्या आधी दे, म्हणजे कन्फर्मेशनचंही बघून टाकू.

चहा उतू गेला. तिने गॅस बंद केला आणि ओके सर म्हणाली.

मला हे अपेक्षितच होतं, त्यामुळे मी ते बोलून दाखवलं. लीडला क्वेस्ट चांगली झाल्याचं काही नव्हतं, त्याच्या आकड्यात भर पडली होती, आणि आता तो तिला भोपळा करणार होता. पहिल्या घाटावर माणूस मोजे बघेल, दुसऱ्यावर बटण दाबून पुढे जाईल, तिसऱ्यावर म्हातारीला शिव्या देईल. मुलीने ऐकून घेतलं.

"मुझे पता है. पर ना बोलूँगी तो आप मेरी सैलरी देंगे?"

त्यानंतर आठवडाभर तिच्या खोलीचं दार बंद असे. जेवायला येई, कामाबद्दल बोलत नसे. ती दार उघडून बाहेर येई तेवढ्यात लॅपटॉपवर मला सारखे घाट दिसत. प्रत्येक घाटावर एक बाई. ती सांगितलं तसं करत होती, याबद्दल माझ्या मनात शंका राहिली नाही. एकदा मी विचारलं की वस्तू तरी नीट निवडल्यास का. हो म्हणाली, फार लवकर. खरी माहिती असणारा माणूस इतक्या लवकर हो म्हणत नाही. बायकोने मला विचारलं की मी मुलीवर पाळत ठेवतो आहे का. मी म्हटलं, फक्त दारावरून जातो आहे.

"दिवसातून किती वेळा ते मीच मोजू लागले आहे," ती म्हणाली.

रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी दुपारी मुलीने मला बोलावलं आणि नवं बिल्ड, म्हणजे गेमची ताजी आवृत्ती, उघडून दिलं. पहिल्या घाटावर सगळं पूर्वीसारखं होतं. गाठ मारली, पोचवलं. नावेने खाली दुसऱ्या घाटावर आलो. तिथे एक बाई बसली होती, या वेळी तरुण. डोक्यावर पिवळी खूण नव्हती. मी बोलायचं बटण दाबलं.

"आज काही पाठवायचं नाही," ती म्हणाली. "नाव येईपर्यंत बस."

मी परत दाबलं. तिने तेच सांगितलं. मी तिच्या मागे गेलो, तिच्या झोपडीत शिरलो, मडकी उलटी केली. परत बाहेर येऊन समोर उभा राहिलो. ती नदीकडे बघत होती. तिच्या शेजारी पायरीवर एक झाकण लावलेलं लाकडी भांडं होतं. ते उचलता येत नव्हतं. ही काहीतरी मागणार, अजून वेळ आली नसेल, असं धरून मी थांबलो. मुलगी मागे उभी होती.

"शोध, शोध," ती म्हणाली. मराठीत.

नाव आली. बाईने हात वर केला आणि परत नदीकडे बघू लागली. तिसऱ्या घाटावरही तसंच. चौथ्यावर मी मडक्यांना हात लावला नाही, नुसता थांबलो. ज्या राज्यात लोहारापासून राजापर्यंत प्रत्येकाला माझ्याकडून काहीतरी हवं होतं, तिथे या बायकांना काही नको होतं, आणि मला ते पटत नव्हतं.

लीडने प्रत्येक घाटावर बाई सांगितली होती. बाई होती. गाठोडं नव्हतं. आम्ही बातमीत असं करायचो तेव्हा त्याला शब्दाला जागणं म्हणायचो, आणि नोकरीही जायची.

दुसऱ्या दिवशी रिव्ह्यूच्या वेळी तिच्या खोलीचं दार उघडं होतं. मी बाहेरच्या खोलीत मजकूर तपासत बसलो आणि एकही ओळ तपासली नाही. लीडचा आवाज स्पष्ट येत होता. चाचणीवाल्यांनी या बायकांची तक्रार केली होती. बऱ्याच जणांना वाटलं की हा बिघाड आहे, क्वेस्ट टाकायची राहून गेली. तो रागावला नव्हता. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने शांतपणे विचारलं, "ये करती क्या हैं?"

"वेट करती हैं, सर."

"किसका?"

"जो भेजा था, उसके जवाब का. डिब्बा लौटेगा तो फिर भेजेंगी."

बायको संस्थेतून लवकर आली होती, ती पर्स हातातच धरून दारात उभी राहिली. मग लीड म्हणाला की तो डेटा बघतो. कीबोर्डचा आवाज आला. लोक तिथे थांबतात, असं तो जरा वेळाने म्हणाला. तक्रार करतात आणि तरी थांबतात. पुढच्या घाटावर परत थांबतात. त्याने आणखी काहीतरी पाहिलं आणि विचारलं की याला वेगळं काम किती लागेल. काहीच नाही, असं तिने सांगितलं, झालं आहे. मग ठीक, राहू दे, तो म्हणाला. नंतरच्या एखाद्या अपडेटमध्ये गरज वाटली तर त्यांना कामं देऊ. कन्फर्मेशनचं पत्र संध्याकाळपर्यंत येईल.

पत्र संध्याकाळी आलं. बायकोने शिरा केला. मी पत्र वाचलं, दोनदा, आणि त्यात काही सापडलं नाही. पण लीडने इतक्या सहज हो का म्हटलं, हे मला कळत नव्हतं. त्याला त्या बायका आवडल्या असतील, हे गृहीत धरायला मी तयार नव्हतो. शिरा खाता खाता मी मुलीला एकच गोष्ट विचारली: घाटावर नुसतं उभं राहण्याचा वेळ खेळण्याच्या वेळात धरतात का?

"धरतात."

"म्हणजे त्याने आकडा बघून ठेवल्या."

"हो. मला माहीत होतं," ती म्हणाली. "इसीलिए तो बिठाया."

सगळ्यांवर शक का करता म्हणून विचारणारी हीच होती. तिला आणखी काही विचारावं असं वाटलं, पण चमचा खाली ठेवून ती उठली होती आणि स्कूटरची किल्ली शोधत होती. काकूंचा तिला फोन आला होता. मुलाला मानेला सैल असा दुसरा कुडता चौकातून आणायचा होता. पुढच्या आठवड्यात संस्थेतलं कुणीतरी पुण्याला जाणार होतं, म्हणजे माझी बायकोच जाणार होती, आणि हे बायकोला अजून माहीत नव्हतं.

"येतोस का?" मुलीने दारातून विचारलं. "कॉलर आतून बघायला कुणीतरी हवं."

मी चप्पल घातली.